मोफत चित्रकलेचे धडे ठेवायचे कुठे, आणि पंधरा वर्षांनी ते सापडायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा: परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी चित्रकला शिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी मोबाईलवर धडे तयार करतो. दीडशेच्या आसपास झालेत. काही यूट्यूबवर आहेत, काही टेलिग्राम चॅनलवर, पायऱ्यांचे फोटो गुगल ड्राइव्हमध्ये, आणि बरंच काही अजून फोनमध्येच पडून आहे. पैसे घ्यायचे नाहीत. काही वर्षांत निवृत्त होईन, पण त्यानंतरही मुलांना हे मिळत राहावं. कायमचं कुठे ठेवू?

सर, तुमच्या प्रश्नातले ‘कुठे’ तीन आहेत. मूळ फायली कुठे राहणार, लोकांना सांगायचा पत्ता कोणता, आणि लेकरं प्रत्यक्ष बघणार कुठे. तिघांना मिळून एकच उत्तर शोधायला गेलं की माणूस यूट्यूबपाशी येऊन थांबतो. यूट्यूब तिसऱ्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. पहिल्या दोघांचं नाही.

शाळा-संस्थांच्या वेबसाईट सांभाळणं आणि एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे हलवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे बंद पडलेल्या जागांची यादी तोंडपाठ झालीय. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं. ऑर्कुट २०१४ मध्ये. पिकासाचे वेब अल्बम २०१६ मध्ये आणि गुगल प्लस २०१९ मध्ये. फोटोबकेट बंद पडलं नाही, पण २०१७ मध्ये त्यांनी फुकट खात्यांतले फोटो दुसऱ्या साईटवर दाखवणं थांबवलं आणि जगभरच्या हजारो शिकवणीच्या पानांवर चित्राच्या जागी पैसे भरा अशी पाटी आली. मजकूर जागेवर, चित्रं गायब. आपल्या कामात चित्रच गेलं तर उरतं काय? टिकटॉकची गोष्ट आणखी निराळी: कंपनी ठणठणीत होती, पण २९ जून २०२० ला भारतात बंदी आली आणि तिथे रांगोळी-मेंदी-चित्रकला शिकवणाऱ्यांचं सगळं काम इथल्या लोकांसाठी एका दिवसात दिसेनासं झालं.

प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं, म्हणून ‘यातली कोणती कंपनी टिकेल’ हा अंदाज बांधत बसू नका. उद्या एखादी जागा बंद झाली तर आठवडाभरात सगळं दुसरीकडे मांडता येईल का, एवढंच विचारा. येत असेल, तर आज कुठे ठेवलंय याला फार महत्त्व नाही.

जागेकडे वळण्याआधी धड्याच्या रूपाबद्दल बोलू. टिकण्याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

तुमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ फोनवर १०८० पिक्सेलमध्ये काढलेला असेल तर मूळ फाईल साधारण सव्वा जीबीची असते. दीडशे धड्यांचे झाले १९० जीबी. लहान करून ७२०ला, सेकंदाला दोन मेगाबिटवर आणला तर एक धडा १५० एमबीचा आणि सगळे मिळून साडेबावीस जीबी. गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट. म्हणजे लहान करूनही ड्राइव्हमध्ये मावत नाही. आता तोच धडा दहा चित्रांत मांडून बघा. तांब्या, वाटी, कांदा आणि मागे घडी पडलेलं कापड असं वस्तुचित्र घ्या. पहिल्या चित्रात फक्त कागदावर जागा ठरवणारी चौकट. दुसऱ्यात तांब्याची मध्यरेषा. तिसऱ्यात तोंडाची आणि बुडाची लंबवर्तुळं, आणि खाली दोन ओळी: तोंडापेक्षा बुडाचं लंबवर्तुळ जास्त उघडं दिसतं, कारण ते आपल्या नजरेच्या जास्त खाली आहे. असं करत दहाव्या चित्रात पडछाया. प्रत्येक चित्र दीडशे केबीचं. अख्खा धडा दीड एमबीत बसला, व्हिडिओच्या शंभराव्या हिश्शात. दीडशे धडे सव्वादोनशे एमबीत, म्हणजे अगदी लहान पेनड्राइव्हवरही.

फायदा फक्त जागेचा नाही. घरात एकच फोन, तो संध्याकाळी वडील शेतातून आल्यावर हातात पडतो, दिवसाचा डेटा तोवर संपत आलेला. ‘सर, नुसतं गोल फिरायलंय’ हे तुम्ही ऐकलंच असेल. चित्रांचं पान अशा वेळीही उघडतं. पोरगी तिसऱ्या पायरीवर अडली तर तिथेच थांबून तासभर बघू शकते, मागे-पुढे ओढत बसावं लागत नाही. त्याची छापील प्रत निघते, फळ्याशेजारी चिकटवता येते. आणि शोधणाऱ्याला मजकुरातले शब्द सापडतात. व्हिडिओत तुम्ही कितीही छान बोललात तरी ‘संकल्पचित्रात रंगसंगती कशी ठरवायची’ हे वाक्य लिहिलेलं नसेल तर ते सापडेलच असं नाही. जलरंगाचा वॉश ओढणं, ब्रशवर पाणी किती धरायचं, अशा हाताच्या हालचाली दाखवायला व्हिडिओला तोड नाही, ते राहू द्या. पण भूमिती आणि अक्षरलेखनाचे धडे व्हिडिओत कोंडून ठेवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

लिहिताना एक पथ्य. जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाईप केल्या असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती अक्षरं निरर्थक चिन्हं होतात आणि शोधात तर कधीच येत नाहीत. फायलींची नावं मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता द्या: वस्तुचित्र, धड्याचा क्रमांक, पायरीचा क्रमांक, मधे आडव्या रेघा. देवनागरी नावाची लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की बहुतेक वेळा टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची हातभर लांब माळ होते, आणि कुठेतरी अर्धी तुटते.

आता मूळ फायली. त्या तुमच्याच ताब्यात हव्यात, निदान दोन ठिकाणी, आणि त्या दोन ठिकाणांवर एकच संकट येऊ नये. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलं. एक हार्ड डिस्क कपाटात आणि दुसरी त्याच कपाटाच्या खालच्या खणात, याला दोन प्रती म्हणत नाहीत.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचं काय झालं ते कलाशिक्षकाला वेगळं सांगायला नको, तरी इथे आठवण करून देतो. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून तैलरंगात मोठमोठ्या नकला करत होते. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनलाच गेल्या, साऊथ केन्सिंग्टनला एका जागी ठेवल्या आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून बऱ्याच जळाल्या. ग्रिफिथ्सचं जे काम १८९६-९७ मध्ये ग्रंथरूपात छापलं गेलं, त्याच्या प्रती मात्र निरनिराळ्या ग्रंथालयांत पोचल्या आणि आजही बघायला मिळतात. तैलचित्रापुढे छापील पान दर्जात कमीच, पण ते एका गोदामात अडकून पडलेलं नव्हतं.

तेव्हा एक टीबीच्या दोन डिस्क घ्या. एक घरी, दुसरी पुण्या-संभाजीनगरला मुलगा, मुलगी, मेहुणा जो असेल त्याच्याकडे. वर्षातून एकदा दोन्ही जोडून चार-पाच फायली उघडून बघायच्या. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवणीला नाही. आणि व्हॉट्सॲपवरून परत घेतलेला फोटो मूळ म्हणून कधीही ठेवू नका, पाठवताना तो दाबून लहान केलेला असतो. जे धडे फक्त यूट्यूबवर उरलेत ते गुगल टेकआउटने, म्हणजे आपला डेटा परत मिळवायच्या गुगलच्या सोयीने, उतरवून घ्या. हे काम या महिन्यात करा, बाकीचं थांबलं तरी चालेल.

पत्त्याबद्दल माझं मत ठाम आहे: घर भाड्याचं चालेल, पत्ता स्वतःचा हवा. म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन, वेबसाईट उघडायला टाइप करतो ते नाव. डॉट इनचं डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतं, आणि डिस्क सोडल्या तर तुमच्या अख्ख्या योजनेत पैसे लागणारी हीच एक जागा आहे. आज पानं ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या फुकट ब्लॉग-सेवेवर असतील, उद्या दुसरीकडे. पोरांच्या वहीत लिहिलेला पत्ता बदलत नाही. एका वेळी दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. निवृत्तीच्या तोंडावर असाल तर भरून मोकळे व्हा.

यात गोम आहे ती नावावर नोंदणी कोणाची याची. गावातला वेबसाईट करून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतो, दोन वर्षांनी तो नोकरीला बाहेरगावी जातो, नूतनीकरणाची ईमेल त्यालाच जाते आणि तो ती बघत नाही. मुदत संपलेलं नाव दुसरा कोणी घेतो, आणि शाळेच्या जुन्या लिंकवर सट्ट्याची जाहिरात उघडते. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता कोणी साईट सांभाळायला दिली की सगळ्यात आधी डोमेनच्या नोंदणीत नाव कोणाचं ते बघतो. नोंदणी तुमच्या नावाने, तुमच्या खासगी ईमेलवर. शाळेच्या ईमेलवर नको, कारण निवृत्तीनंतर तो तुमचा राहणार नाही. त्याच कारणाने नावात शाळा आणू नका. देवनागरी डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं आणि दिसायला सुरेख आहे, हौस असेल तर जोडीला घ्या, पण मुख्य पत्ता रोमनच ठेवा.

पानं मांडायची जागा म्हणून कोणी संगणकातलं जाणणारा जवळ असेल तर साधी एचटीएमएल पानं (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या फायली) करून गिटहब पेजेस या वेबसाईट ठेवायच्या सेवेवर ठेवावीत. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, साईटला एक जीबीची मर्यादा आहे आणि तुमचे चित्रांचे सगळे धडे त्याच्या पाव हिश्शात बसतात. मुख्य म्हणजे ही पानं एका फोल्डरमध्ये असतात. फोल्डर उचलला, दुसरीकडे ठेवला, झालं. नेटशिवायही ती उघडतात, तेव्हा शाळेच्या संगणकावर पेनड्राइव्हने देता येतील.

तसा माणूस नसेल तर ब्लॉगर. साधं, जुनं, १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गुगलकडे आहे. त्याला स्वतःचं डोमेन जोडायला पैसे पडत नाहीत. फक्त एवढं ध्यानात असू द्या की ब्लॉगरच्या बॅकअपच्या फाईलमध्ये मजकूर येतो, चित्रं येत नाहीत, त्यांच्या नुसत्या लिंक येतात. ‘बॅकअप घेतलाय’ म्हणून निवांत बसलेल्या लोकांना हे ऐनवेळी कळतं. चित्रं डिस्कवर आहेतच, म्हणून तुम्हाला भीती नाही.

होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा, विकत घेऊन त्यावर वर्डप्रेस हे साईट चालवायचं सॉफ्टवेअर, हा सल्ला तुम्हाला चार जण देतील. घेऊ नका. पहिल्या वर्षीचा भाव पुढच्या वर्षी राहत नाही, प्लगइन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सतत अपडेट करावे लागतात, आणि सहा महिने दुर्लक्ष झालं तर कोणीतरी आत शिरून भलतीच पानं टाकून ठेवतं. मोफत आणि बिनदेखभालीचं राहायला हवं असलेलं काम तिथे टिकत नाही. दीक्षासारखी सरकारी व्यासपीठं चांगली आहेत, पण तिथे मजकूर त्यांच्या प्रक्रियेतून आणि त्यांच्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत जातो. संधी आली तर जरूर द्या. तिच्यावर विसंबून राहू नका.

आता दीर्घकाळाच्या जागा. त्या दोन आहेत आणि दोन्ही ना-नफा संस्थांच्या आहेत. पहिली इंटरनेट आर्काइव्ह, इंटरनेटवरचं मोफत ग्रंथालय. १९९६ पासून चालू, खातं फुकट, मूळ फाईल जशीच्या तशी ठेवतात, व्हिडिओही. प्रत्येक धड्याला कायमचा पत्ता मिळतो. अपलोड करताना त्या पत्त्यातलं ओळखनाव नीट विचार करून द्या, नंतर ते बदलता येत नाही. घाईत टाकलेलं आकडेवजा नाव तसंच राहतं. ही जागाही अभेद्य नाही: २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती भारतात काही दिवस बंद होती, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर जगभर काही दिवस बंद पडली. दोन्ही वेळा परत आली. म्हणून ती साठवणीची जागा समजा. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांना पाठवायची लिंक तुमच्या स्वतःच्या पत्त्याची असू द्या. तुमची साईट झाली की तिची पानंही आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी सोय) जतन करायला सांगता येतात, एकेक पत्ता टाकून.

दुसरी विकिमीडिया कॉमन्स, विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचं खुल्या चित्रांचं भांडार. पायऱ्यांची चित्रं तिथे चढवली की मराठी विकिपीडियापासून परदेशातल्या शाळेपर्यंत कोणीही वापरू शकतं, आणि वापरलेलं काम शक्यतो कोणी मरू देत नाही. तिथे एमपी४ चालत नाही, व्हिडिओ वेबएममध्ये बदलून द्यावा लागतो. त्या खटपटीत पडू नका, चित्रंच द्या.

कॉमन्सची दुसरी अट परवान्याची आहे, आणि इथे बरेच शिक्षक अडतात. आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे आधीच सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे अनेक तयार परवाने आहेत. त्यातला ‘व्यावसायिक वापर नको’ म्हणणारा परवाना कॉमन्सला चालत नाही. तुमच्या मनात लगेच येईल की मग शहरातला क्लासवाला माझी पानं छापून पन्नास रुपयांना विकेल. विकेल, शक्य आहे. पण त्यावर तुमचं नाव आणि मूळ पत्ता छापणं त्याला बंधनकारक राहील, आणि ज्याने पन्नास रुपये दिले त्याला त्या पत्त्यावर सगळं फुकट मिळेल. उलट तुम्ही बंदी घातली तर झेरॉक्सवाल्याने तीस पोरांसाठी पानं काढून पैसे घेतले तर चालतं की नाही, या शंकेपोटी चांगली माणसंच मागे हटतील. मी तुमच्या जागी असतो तर बाय-एसए ४.० घेतला असता: नाव द्या, वाटा, बदला, आणि बदललेलंही याच अटींवर खुलं ठेवा. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ पुरते: ‘हा धडा क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली खुला आहे. नाव आणि मूळ पत्ता देऊन कोणीही छापावा, वाटावा, सुधारावा आणि याच परवान्याखाली पुढे द्यावा.’ ही ओळ नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, आणि तुमच्या पश्चात कोणाला ते हलवायची इच्छा असली तरी हात बांधलेले असतात.

परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, तेव्हा आत काय आहे ते आधी तपासा. दुसऱ्याच्या पुस्तकातली आकृती, गुगलवरून उचललेला फोटो, मागे लावलेलं सिनेमाचं गाणं, हे सगळं काढा. गाण्यामुळे यूट्यूबवरही दावा लागतो, आणि नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाचे इशारे) आल्या तर अख्खा चॅनल जाऊ शकतो. विद्यार्थ्यांचे चेहरे आणि नावं नकोत. कॅमेऱ्यात हात आणि कागद एवढंच पुरे.

मग यूट्यूबचं काय? राहू द्या. एलिमेंटरीचं वस्तुचित्र शोधणारं लेकरू आधी तिथेच जाणार. प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात पहिल्याच ओळीत तुमचा पत्ता घाला.

शेवटी किल्ल्या. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं. यूट्यूबवर व्हिडिओ असलेली खाती सध्या त्यातून वगळलेली आहेत, पण ड्राइव्हपुरतंच वापरलेलं वेगळं खातं असेल तर ते त्यात येतं. खात्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था आहे; तीन ते अठरा महिने हालचाल नसेल तर कोणाला कळवायचं आणि कोणता डेटा द्यायचा ते तिथे नेमून ठेवता येतं. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो कोणता, हेही बघा. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला मिळतो, आणि मग तुमच्याच खात्यात तुम्हाला शिरता येत नाही. डोमेन, गुगल, आर्काइव्ह आणि विकिमीडिया, चारही खात्यांची नोंद एका कागदावर करून पाकिटात घाला. घरात एकाला आणि शाळेबाहेरच्या एका तरुण कलाशिक्षकाला ते कुठे आहे हे सांगून ठेवा. वारस म्हणून विद्यार्थी नेमण्यापेक्षा शिक्षक बरा; त्याला दरवर्षी ही पानं लागणार असतात, म्हणून तो ती बघतो.

दीडशे धडे एकदम करायला बसू नका, कंटाळून सोडाल. आधी डिस्क. मग डोमेन. त्यानंतर परीक्षेला सगळ्यात जास्त विचारले जाणारे आठ-दहा धडे चित्रांच्या पानांत आणा, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाला त्यांच्या वर्गातल्या साध्यातल्या साध्या फोनवर उघडून बघायला सांगा. ज्या पायरीवर पोरं प्रश्न विचारतील तिथे एक चित्र वाढवा. उरलेले उन्हाळ्याच्या सुट्टीत होतील. टेलिग्रामचा चॅनल मात्र बंद करू नका. नव्या पत्त्याची एक पोस्ट तिथे पिन करून ठेवा, जुनी पोरं आधी तिथेच शोधत येतील.